खरखर कोणत्या काळाची? मिरजेच्या तंबोऱ्यापासून यूएसबीच्या तारेपर्यंत

#थ्रेड

१/ सांगली, मिरज, सातारा, कराड या पट्ट्यात अनेक घरांच्या माळ्यांवर अजूनही जुन्या तबकड्या आणि कॅसेटी जपून ठेवलेल्या आढळतात. घरातील नवी पिढी त्या खाली उतरवते, जुना फोनो दुरुस्त करून संगणकाला जोडते आणि मोठ्या आशेने कान देते. गाण्याआधी ऐकू येतो तो गोंगाट : खरखर, सळसळ, हुंकार, मधूनच टक्‌टक्‌.

२/ बहुतेकांचा हात लगेच ‘नॉईज रिडक्शन’च्या बटणाकडे जातो. एका क्षणात सारे शांत होते. मात्र त्या शांततेबरोबर आणखी काय निघून गेले, हे पुष्कळदा वर्षांनंतर कळते. तोवर मूळ तबकडी फुटलेली असते किंवा कॅसेटला बुरशी लागलेली असते. त्या बटणाला हात लावण्यापूर्वी जो इतिहास ठाऊक असावा, तो या थ्रेडमध्ये मांडला आहे.

३/ उदाहरणादाखल १९३०च्या दशकातील खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची एखादी तबकडी घ्यावी. घरच्या संगणकावर उतरवलेल्या तिच्या प्रतीत निदान पाच आवाज एकमेकांत मिसळलेले असतात : लाखेची खरखर, विद्युत्‌मंडलांची सळसळ, घरातील विजेचा हुंकार, संगणकाची किणकिण आणि तंबोऱ्याचा झंकार. संगणकाला हे पाचही सारखेच. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते पाच वेगवेगळ्या काळांचे दस्तऐवज आहेत.

पहिला थर : मुद्दाम घडवलेला गुंजारव

४/ आरंभ मिरजेपासून करणे योग्य. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, येथील शस्त्रे घडवणाऱ्या व त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांपैकी काहींनी तंतुवाद्यांचे काम हाती घेतले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातील आद्य नाव. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळे मिरजेत येऊ लागले आणि तलवारीची मागणी ओसरली तरी कारागिराचा हात रिकामा राहिला नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

५/ तंबोऱ्याचे सारे मर्म त्याच्या घोडीत असते. ही घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी पातळ नसून रुंद असते आणि तिचा पृष्ठभाग अगदी सूक्ष्म उतार देऊन घासलेला असतो. छेडलेली तार त्या उतारावर पुन:पुन्हा अलगद टेकते. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून हा स्पर्श नेमका कोठे व्हावा ते ठरवले जाते. यालाच जवारी लावणे म्हणतात.

६/ या क्रियेचे शास्त्रीय महत्त्व चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. युरोपात मान्य असलेल्या नियमानुसार, तार ज्या बिंदूवर छेडली जाते त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निस्पंद असतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत. तंबोरा आणि वीणा यांच्या घोड्या हा नियम मोडतात. तेथे ते उपस्वरही स्पष्ट उमटतात. सारांश, जो गुंजारव परक्या कानाला दोष वाटेल, तो येथे अनेक पिढ्यांच्या कारागिरीने साधलेला गुण आहे.

७/ परंतु हाच तंबोरा बिघडला की खराखुरा दोषही त्याच गुंजारवात लपतो. सैल खुंटी, तबलीला गेलेली बारीक चीर, घोडीवर तारेने पाडलेली चरी. प्रत्येकीचा झणझणाट निराळा. तो शोधण्याची रीत साधी आहे : तीन तारा हाताने दाबून चौथी छेडायची, मग दुसरी, मग तिसरी, संशयित जागेवर बोट ठेवायचे आणि आवाज थांबतो का ते ऐकायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पुढे ध्वनियंत्रे बदलत गेली, परंतु दोष शोधण्याची ही रीत बदललेली नाही.

८/ केवळ कानावर न विसंबता आवाज मोजून पाहण्याची परंपराही याच भूमीत आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे बंधू, निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेच्या लांबीवरून स्वरांतरे मोजली आणि १९१० मध्ये २२ श्रुतींवरील आपला इंग्रजी प्रबंध प्रसिद्ध केला. त्या प्रयोगांत गळा होता अब्दुल करीम खाँ यांचा. सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनीही हाच विषय पुढे नेला. त्यांचे पुस्तक १९१३ मध्ये आले.

९/ १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या मंडळींचे श्रुति-हार्मोनियम मांडले गेले आणि त्यावर तीव्र मतभेद झाले. वाद कोणी जिंकला हा येथे प्रश्न नाही. आकडा आणि कान यांना एकमेकांची साक्ष लागते, हा त्यातील धडा मात्र पुढच्या प्रत्येक थरात उपयोगी पडेल.

दुसरा थर : लाखेची खरखर

१०/ नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात भारतातील पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे केली. अब्दुल करीम खाँ यांची पहिली मुद्रणे १९०५च्या सुमाराची. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालावे तसे गायचे. त्या हवेच्या दाबाने पडदा हलायचा आणि सुई मेणात रेघ कोरायची. अशा कर्ण्याला खालचे आणि वरचे बरेच स्वर पकडता येत नसत. तंबोऱ्यासारखे हळुवार वाद्य त्यात जवळजवळ हरवूनच जाई.

११/ त्या मेणापासून साचा बने आणि साच्यातून तबकडी. तबकडीचा मुख्य चिकटपदार्थ म्हणजे लाख. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याला जे चकाकते पॉलिश देतो तेही स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे. म्हणजे वाद्याची कांती आणि त्या वाद्याचा आवाज साठवणारी तबकडी, दोन्हींचे द्रव्य एकच. म्हणूनच जुनी तबकडी स्पिरिटने पुसणे हा अपघात ठरतो : लाख विरघळते आणि गाणे कायमचे जाते.

१२/ लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. त्या काळची पोलादी सुई जड दाबाने फिरे. पुडीमुळे ती घासून चरीच्या आकाराची होई आणि तबकडी काही काळ टिके. दर बाजूला नवी सुई लावण्याचा दंडक त्यातूनच आला. जी खरखर आज ऐकू येते ती या पुडीच्या कणांची आणि शेकडो वेळा फिरलेल्या सुयांची आहे. तिच्यात घरातील ऐकण्याच्या सवयींचाही इतिहास आहे : आवडत्या बाजूची खरखर नेहमीच अधिक.

१३/ १९२५ नंतर विद्युत्‌मुद्रण आले आणि मायक्रोफोनने गायकाला कर्ण्यातून मोकळे केले. १९३०च्या दशकाच्या मध्यास ओडियनसाठी खाँसाहेबांनी केलेली मुद्रणे या नव्या तंत्राची. एका बाजूला सुमारे ३ मिनिटे, तेवढ्यातच रागाचे सारे रूप. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रास प्रांतातील सिंगपेरुमाळकोईल येथे प्रवासात त्यांचा मृत्यू झाला; दफन मिरजेत, ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात झाले. तेथे आजही दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गायन होते.

१४/ या तबकड्या घरी वाजवताना पहिली चूक सुईत होते. दीर्घवादी तबकडीची सुई सुमारे २५ मायक्रॉनची, तर ७८ फेऱ्यांच्या तबकडीला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. बारीक सुई रुंद चरीच्या तळाशी धूळ उपसत फिरते आणि खरखर अनेक पटींनी वाढते. आजच्या स्टीरिओ पिकअपचे दोन्ही मार्ग एकत्र करून एकमार्गी केले, तर सुईच्या वर-खाली हालचालीचा गोंगाट आपोआप वजा होतो, कारण गाणे चरीच्या आडव्या हालचालीत असते. कोणतेही सॉफ्टवेअर न वापरता एवढे साधते.

तिसरा थर : विजेचा हुंकार

१५/ आता सातारा जिल्ह्याकडे. पाटण तालुक्यात अडवलेले कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पलीकडे कोकणात पोफळीकडे उतरते आणि १९६२ पासून तेथे वीज तयार होते. सर्व टप्पे मिळून या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. ही वीज, देशातील अन्य केंद्रांच्या विजेप्रमाणेच, सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते. घराघरांतील स्पीकरमधून जो मंद ‘घूंऽऽ’ येतो, ज्याला दुरुस्ती करणारे ‘हमिंग’ म्हणतात, तो या पन्नासाचाच स्वर.

१६/ गाणाऱ्याला हा स्वर ओळखता येतो. हार्मोनियमच्या भाषेत ५० हर्ट्झ म्हणजे अतिखर्जातील पांढरी पाचच्या किंचित वर. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तने पूर्ण करते. तेथील हुंकार काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कोठेतरी पडतो. स्वर ओळखला की निम्मे निदान झाले. देवलांनी स्वर मोजले ते श्रुतींसाठी. दोष शोधणाऱ्यालाही तेच कौशल्य लागते.

१७/ निदानाचा पुढचा टप्पा असा. शुद्ध, गोल ५० हर्ट्झचा हुंकार बहुधा जोडणीतून, अर्थिंगमधून किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो. त्याचे एक सप्तक वरचे, १०० हर्ट्झचे खरबरीत रूप ऐकू आले, तर संशय यंत्राच्या आतील वीजपुरवठ्यावर घ्यावा. प्रत्यावर्ती विजेची एकदिश वीज करताना तिच्या दोन्ही लाटा सरळ होतात, म्हणून आकडा दुप्पट होतो; आणि ती लाट सपाट करणारे कपॅसिटर जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये कालांतराने सुकतात.

१८/ जोडणीतील हुंकाराचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अर्थिंगचे वर्तुळ. संगणक एका भिंतीवरील सॉकेटला, ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवरील. दोन्हींचे अर्थिंग दोन वाटांनी जमिनीकडे जाते आणि त्या दोन वाटांच्या पातळीत अल्पसा फरक असतो. आवाजाची तार दोन्ही यंत्रांना जोडताच तो फरक भागवणारा प्रवाह तिच्या जाळीतून वाहू लागतो आणि गाण्यात मिसळतो.

१९/ उपाय क्रमाने करावेत. प्रथम सर्व यंत्रे एकाच बोर्डावर आणावीत. फोनोची अर्थिंगची बारीक तार प्रीॲम्पच्या स्क्रूला घट्ट बांधली आहे का ते पाहावे. ही तार सुटलेली असणे हे पुष्कळदा एकमेव कारण असते. मग एकेक तार काढून ऐकावे. तरीही हुंकार उरला, तर बॅलन्स्ड तार किंवा आवाजाच्या वाटेवर बसवायचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरावा.

२०/ एक उपाय मात्र कधीही करू नये : प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे. हुंकार त्याने थांबतोही, म्हणूनच तो सल्ला फिरत राहतो. पण ती पिन यंत्राच्या धातूच्या कवचात उतरलेली वीज जमिनीकडे नेण्यासाठी असते. ती गेली की बिघाडाच्या क्षणी ती वाट माणसाच्या देहातून जाते. जुन्या वायरिंगच्या घरात सॉकेटमधील तिसरे छिद्र खरोखर जमिनीशी जोडलेले आहे का, हे वायरमनकडून तपासून घेणे ही पहिली पायरी.

२१/ आता इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत रंजक कसोटी. हुंकार आजच्या घरातील की तबकडीतच कोरलेला? सुई उचलावी. हुंकार तसाच राहिला, तर तो घरातील. सुई उचलताच थांबला, तर सुई पुन्हा टेकवून वेग ७८ वरून ४५ वर आणावा. गाण्याबरोबर हुंकारही खाली उतरला, तर तो तबकडीत आहे. गाणे उतरले पण हुंकार जागचा हलला नाही, तर तो बहुधा फोनोच्या मोटारीच्या कंपनाचा.

२२/ तबकडीत कोरलेला हुंकार हा दोष नव्हे, पुरावा आहे. जुन्या तबकड्या नेहमीच नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नसत. वेग चुकला की गायकाची पट्टीही चुकते; काळी एकमध्ये गायलेले गाणे काळी दोनचे भासते. मुद्रणस्थळाच्या विजेची वारंवारता ठाऊक असेल, तर कोरलेल्या हुंकारावरून मूळ वेग आणि त्यावरून गायकाची खरी पट्टी काढता येते. हुंकार पुसून टाकणारा ही साक्षही पुसतो.

चौथा थर : सळसळ

२३/ तारा, सुई, अर्थिंग सारे निर्दोष असले तरी एक बारीक सळसळ उरतेच. १९२८ मध्ये बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी ती मोजली आणि हॅरी नायक्विस्ट यांनी तिचे गणित मांडले. कोणत्याही रोधकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत चुळबुळ करीत असतात. सळसळ त्या चुळबुळीची. ती पूर्णपणे घालवणे निसर्गनियमाविरुद्ध आहे. म्हणून तिच्या मागे लागण्यापूर्वी, ती गाण्याच्या मानाने किती खाली आहे एवढेच पाहावे.

२४/ १९६३ मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले. १२५१ किलोहर्ट्झवरील मध्यम लहरींचे हे प्रक्षेपण दूरवरच्या गावांत ऐकले जाई. या पद्धतीत आवाज लहरींच्या उंचीत साठवलेला असतो आणि आकाशातील वीज, पिठाच्या गिरणीची मोटार, ट्यूबलाइट हे सारे उंचीतच ढवळाढवळ करतात. पावसाळ्यातील रेडिओची कडकड ज्यांनी ऐकली, त्यांना विजेच्या ठिणगीचा आवाज वेगळा शिकवावा लागला नाही. आज तीच भूमिका मोबाइलचे स्वस्त चार्जर आणि एलईडी दिव्यांचे पुरवठे बजावतात : ते बंद करताच मध्यम लहरी एकदम स्वच्छ होतात.

२५/ त्याच १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली. पुढे भजनी मंडळे, नाट्यगीतांच्या मैफली, घरातील बारसे, आजीच्या ओव्या असे सारे तिच्यावर उतरले. अरुंद पट्टी आणि मंद गती यांमुळे तिची सळसळ मोठी. रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ मध्ये त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापली. त्यांची युक्ती अशी : मुद्रण करतानाच हळुवार तीव्र स्वर उचलून ठेवायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे. त्याबरोबर सळसळही खाली जाते.

२६/ या युक्तीचा मर्मबिंदू असा की गोंगाट नंतर काढायचा नसून आधीच त्याची तरतूद करायची. म्हणून डॉल्बीची खूण असलेली कॅसेट डॉल्बी सुरू ठेवून, तर खूण नसलेली कॅसेट ते बंद ठेवून वाजवावी. उलट केले, तर एकतर आवाज कर्कश होतो किंवा बोथट. कॅसेटच्या कागदावरील ती बारीक खूण म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची लिपी आहे.

पाचवा थर : संगणकाची किणकिण

२७/ १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि आवाज आकड्यांत साठू लागला. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, सुमारे ९६ डेसिबलचा अवकाश. तंबोऱ्याचा झंकार विरत विरत शेवटच्या पायरीपर्यंत येतो तेव्हा तो गुळगुळीत न विरता खडबडीत तुटतो. यावर अभियंत्यांनी जो उपाय योजला तो जवारीची आठवण करून देणारा आहे : मुद्दाम अगदी सूक्ष्म सळसळ मिसळायची, म्हणजे तुटणे नाहीसे होते. येथेही गोंगाट शत्रू नसून साहाय्यक ठरतो. घरी उतरवताना २४ बिट निवडल्यास हा प्रश्न मुद्रणापुरता उरतच नाही.

२८/ संगणकाचे स्वतःचे दोष मात्र निराळे. लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढून तो बॅटरीवर चालवावा. किणकिण थांबली, तर वाट चार्जरची. १००० किंवा ८००० हर्ट्झवर बारीक शिट्टी ऐकू आली, तर ती बहुधा यूएसबीची. त्या तारेतून माहिती सेकंदाला १००० किंवा ८००० तुकड्यांत धावते आणि त्याच तारेतून यंत्राला वीजही मिळते. स्वतंत्र वीजपुरवठा असलेला हब किंवा दुसरे पोर्ट यांनी ती कमी होते. माउस हलवताना बदलणारा आवाजही याच वर्गातला.

२९/ मधूनच येणारी टक्‌टक्‌ तबकडीची की संगणकाची, हे ओळखणेही सोपे आहे. तोच भाग दोनदा मुद्रित करावा. दोन्ही प्रतींत टक्‌ त्याच जागी आली, तर ओरखडा तबकडीवर आहे. जागा बदलली, तर संगणकाला आकडे वेळेत उचलता आलेले नाहीत. बफर १२८ वरून ५१२ किंवा अधिक करावा आणि दोन्ही बाजूंची नमुन्यांची गती एकच ठेवावी. लाल दिवा लागेल इतका आवाज चढवल्याने येणारा फाटका आवाज तर कोणत्याच उपायाने परत सांधता येत नाही.

बटणाचा प्रश्न

३०/ आता त्या बटणाकडे परत येता येते. १९७९ मध्ये स्टीव्हन बोल यांनी बोलण्यातील गोंगाट वजा करण्याची एक प्रभावी रीत मांडली. आजच्या अनेक साधनांची मुळे तिच्यात आहेत. बोलणे नसलेला तुकडा घ्यायचा, त्यातील स्वरांचे प्रमाण नोंदवायचे आणि ते संपूर्ण मुद्रणातून वजा करायचे. तिच्यामागील गृहीत असे : जे सतत, न बदलता चालू आहे ते निरर्थक, जे बदलते ते अर्थपूर्ण.

३१/ हे गृहीत बोलण्याला लागू पडते. हिंदुस्थानी संगीताला ते लावले की अनर्थ होतो. येथे सतत, न बदलता चालणारा तंबोराच साऱ्या गायनाचा पाया आहे. गायक गाऊ लागण्यापूर्वीच्या ‘शांत’ तुकड्यात तंबोराच वाजत असतो. तोच नमुना म्हणून दिला, तर संगणक तंबोऱ्याला गोंगाट समजतो आणि आज्ञाधारकपणे साऱ्या मुद्रणातून त्याला उपटून काढतो. गळ्यातील बारीक कणही त्याबरोबर जातात. मागे उरतो पाण्याखालून आल्यासारखा आवाज.

३२/ २०२० च्या टाळेबंदीत संगीताचे वर्ग व्हिडिओ कॉलवर गेले तेव्हा हाच अनुभव घरोघरी आला. शिष्याने तंबोरा लावावा आणि गुरूंना तो ऐकूच येऊ नये! कॉलचे सॉफ्टवेअर त्याला पंख्याच्या घरघरीत मोजत होते. ‘ओरिजिनल साउंड’सारखी सोय चालू केली की तंबोरा परत येई. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या घासून साधलेला गुण यंत्राच्या हिशेबी पंख्याच्या पंक्तीला जाऊन बसला होता.

३३/ म्हणून ध्वनिसंग्रहांची शिस्त घरीही पाळावी. पहिली प्रत कोणतीही सफाई न करता, २४ बिट आणि शक्य असल्यास ९६ किलोहर्ट्झवर घ्यावी आणि तिला पुढे हात लावू नये. तबकडीचा क्रमांक, सुई, वेग, दिनांक यांची नोंद ठेवावी. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर : प्रथम टक्‌टक्‌, मग घरातील हुंकाराची नेमकी वारंवारता, आणि सळसळ सर्वांत शेवटी व सर्वांत कमी. सफाईत काढलेला भाग वेगळा ऐकावा. त्यात गळा किंवा तंबोरा ऐकू आला, तर हात आखडता घ्यावा.

३४/ या पाच थरांतील प्रत्येक आवाजाला पत्ता आहे. खरखरीचा पत्ता लाखेच्या साच्यात, हुंकाराचा भिंतीतल्या सॉकेटमध्ये, सळसळीचा उष्णतेत, किणकिणीचा यूएसबीच्या तारेत आणि झंकाराचा मिरजेतील एखाद्या घोडीच्या उतारावर. ज्याचा पत्ता आजच्या घरातील, तो खुशाल दूर करावा. तो त्या गाण्याचा कधी नव्हताच. ज्याचा पत्ता जुन्या काळातील, त्याच्याबाबत घाई करू नये.

३५/ कारण पुढच्या पिढीकडे आजच्याहून सरस साधने असतील, पण मूळ तबकडी बहुधा नसेल. त्यांच्या हाती पडेल ती आज घरच्या टेबलावर घेतलेली प्रत. तिच्यात खरखर असली, तर ते ती काढू शकतील; तंबोरा नसला, तर तो कोठूनही परत आणता येणार नाही.

(थ्रेड समाप्त)